उतार, उपसा आणि जात

शहरांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांनी किल्ल्यांवर लिहिले, बंदरांवर लिहिले, गिरण्यांवर आणि गिरणीमालकांच्या दानशूरपणावरही लिहिले. परंतु गटारांचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटले नाही. जे जमिनीखाली आहे ते पाहायचे नाही, आणि ते साफ करणाऱ्या माणसाकडे तर त्याहून पाहायचे नाही, हा आपल्या पांढरपेशा इतिहासलेखनाचा शिष्टाचारच होऊन बसला आहे. मी इतिहास शिकविणारा माणूस आहे. स्थापत्यशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही हा विषय मी हाती घेतो आहे, कारण माझे वडील एका नगरपालिकेच्या ड्रेनेज खात्यात कामगार होते आणि त्यांच्या तोंडून लहानपणापासून मी एक वाक्य ऐकत आलो : "तिथं लेव्हल मिळत नाही."

हे वाक्य वडिलांचे नव्हते. ते त्यांच्या साहेबांचे होते. एखाद्या वस्तीने गटाराची जोडणी मागितली की खात्याकडून हेच उत्तर जाई. वस्ती खाली आहे, रस्त्यातली मुख्य मलवाहिनी वर आहे, पाणी खालून वर चढत नाही, सबब जोडणी देता येत नाही. उत्तर शास्त्रीय असे, त्यामुळे त्यावर वाद घालता येत नसे. आश्चर्य एवढेच की, 'लेव्हल' न मिळणाऱ्या या वस्त्या बहुधा आपल्याच असत. पुढे अनेक गावांतील कार्यकर्त्यांकडून मी हेच वाक्य ऐकले. म्हणून या वाक्याचाच इतिहास तपासावा असे मी ठरविले. हा लेख म्हणजे त्या तपासाचा गोषवारा आहे.

१

प्रथम साधे शास्त्र समजून घेऊ, कारण शास्त्राच्या नावाने आपल्याला गप्प बसविले जाते.

घरातले सांडपाणी आणि मैला नळातून वाहून नेण्यासाठी उतार लागतो. जुन्या नळकारागिरांचा एक ठोकताळा आहे : चार इंची नळाला ४० फुटांत एक फूट, सहा इंचीला ६० फुटांत एक, नऊ इंचीला ९० फुटांत एक. उतार याहून फार कमी झाला की पाणी पुढे जाते आणि घन पदार्थ मागे राहतो. मग नळ तुंबतो. याचा अर्थ, मुख्य वाहिनीपासून १०० फुटांवर असलेल्या घराचा चार इंची नळ निघतानाच मुख्य वाहिनीच्या तोंडापेक्षा अडीच फूट उंच असला पाहिजे. घर त्याहून खाली असेल तर नुसते मैलापाणी बाहेर जात नाही एवढेच होत नाही. पावसाळ्यात मुख्य वाहिनी भरली की तिच्यातले पाणी उलटे घरात येते. नहाणी ट्रॅपमधून, संडासाच्या भांड्यातून वर येते. म्हणजे वरच्या आळीची घाण खालच्या आळीच्या मोरीत प्रकट होते. ज्याने आपल्या वस्त्यांतले पावसाळे काढले आहेत, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा साहेबांचे निम्मे वाक्य खरे आहे : पाणी आपण होऊन वर चढत नाही. परंतु दुसरे निम्मे, म्हणजे 'सबब जोडणी देता येत नाही', हे शास्त्र नव्हे. विहिरीतले पाणीही आपण होऊन वर चढत नाही, म्हणून कोणी तहानेने मरत नाही; आपण ते उपसतो. उतार नसेल तेथे उपसा करावा लागतो, हा सरळ नियम आहे. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : उपसा कोणी करायचा, कशाने करायचा आणि कोणाच्या खर्चाने करायचा? या प्रश्नाला जगात निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांतली तीन आपण पाहू.

२

पहिले उत्तर अमेरिकेतील शिकागो शहराचे. मिशिगन सरोवराच्या काठी, पाण्याच्या पातळीपासून जेमतेम काही फूट उंचीच्या सपाट दलदलीवर हे शहर वसले. तेथे गटारांना उतारच मिळेना. १८५४ साली पटकीने शहरात कहर केला. १८५५ साली एलिस चेसब्रो नावाच्या अभियंत्याला गटारयोजनेचे काम सोपविण्यात आले. जमिनीखाली उतार मिळत नाही ना, मग गटारे जमिनीच्या वर बांधू, त्यांच्यावर भराव टाकून रस्ते उंच करू आणि घरेही तेवढीच वर उचलू, अशी त्याची योजना होती. आणि शहराने ती खरोखर अमलात आणली! शेकडो स्क्रू-जॅक लावून विटांच्या मोठमोठ्या इमारती इंचाइंचाने उचलण्यात आल्या. १८६१ साली ट्रेमाँट हाउस नावाचे विटांचे मोठे हॉटेल असेच उचलले गेले.

ही कथा अभियांत्रिकीच्या पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि ती कौतुकाची आहेही. परंतु तिची दुसरी बाजू आपल्यासारख्यांनी पाहिली पाहिजे. सार्वजनिक रस्ता उंच झाला तरी घर उचलण्याचा खर्च मालकाचा होता. ज्याच्यापाशी पैसा होता त्याचे घर उठले. परदेशांतून पोट भरायला आलेल्या मजुरांच्या वस्त्यांत पुष्कळ घरे खालीच राहिली. रस्ता वर आणि अंगण खाली, पहिला मजला तळघर बनलेला. पिल्सेनसारख्या भागात अशी खोलगट अंगणे पुढेही दिसत राहिली. म्हणजे पातळीचा प्रश्न तेथे वर्गाच्या अंगाने सुटला आणि वर्गाच्या अंगानेच शिल्लक राहिला.

दुसरे उत्तर लंडनचे. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटात शिरली, तेव्हा कोठे जोसेफ बॅझलजेटच्या गटारयोजनेला पैसा मिळाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. फारशी माहीत नसलेली गोष्ट अशी की, पार्लमेंटाची इमारत नदीच्या अगदी काठावर सखल जागी आहे आणि तिच्या तळाचे मैलापाणी शहराच्या मुख्य वाहिनीत उताराने जाऊ शकत नाही. साम्राज्याच्या संसदेलाच 'लेव्हल मिळत नाही'! मग काय केले? १८८८ साली तेथे आयझॅक शोन या अभियंत्याची यंत्रे बसविण्यात आली. या यंत्राची रचना अगदी सोपी आहे. सर्वांत खालच्या जागी ओतीव लोखंडाचे एक बंद भांडे पुरतात. इमारतीचे मैलापाणी उताराने त्यात जमा होते. भांडे भरले की आतला तरंगा वर येतो आणि झडप उघडतो; दाबलेली हवा आत शिरते आणि सगळा मैला वरच्या वाहिनीत ढकलून देते. परत येऊ नये म्हणून नळावर एका बाजूनेच उघडणारी झडप असते. भांडे पुन्हा भरते, पुन्हा रिकामे होते. हे चक्र चालण्यासाठी कोणाला खाली उतरावे लागत नाही, कोणाला डोक्यावर काही घ्यावे लागत नाही. पार्लमेंटात ही यंत्रे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू राहिली.

आणि हे केवळ गोऱ्यांच्या राजधानीत घडले असेही नाही. त्याच सुमारास, त्याच पद्धतीची यंत्रे ब्रह्मदेशात रंगून शहरात बसली. रंगूनही सपाट आणि नदीकाठचे. तेथील मध्यभागाचा मैला दाबलेल्या हवेने उचलला जाऊ लागला. तेव्हा उष्ण देशात हे जमत नाही, वसाहतीला हे परवडत नाही, असली सबबही उरत नाही. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. सखल घराचा मैला माणसाच्या हाताविना उचलण्याचे साधन १८८८ पासून जगाला उपलब्ध होते, आणि ते आपल्या शेजारी, त्याच सरकारच्या अमलाखाली चालू होते.

३

आता मुंबईकडे वळू. मुंबई हे मूळचे सात बेटांचे शहर. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून समुद्र आत येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, हॉर्नबी वेलार्ड हा बांध पुरा झाला, समुद्र हटला आणि मधली पाणथळ जमीन उघडी पडली. इंग्रज तिला 'फ्लॅट्स' म्हणत. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. हळूहळू भराव पडत गेला आणि या सखल पट्ट्यात कामाठीपुरा, भायखळा, ताडदेव अशा वस्त्या उभ्या राहिल्या. ज्यांना उंच, कोरडी, वाऱ्याची जागा परवडत होती ते मलबार हिलवर गेले. दक्षिणेतून आलेले कामाठी मजूर, घाटावरून आणि कोकणातून आलेले कामकरी सखल भागात स्थिरावले. जुन्या शहराचे सांडपाणी नेणारा मोठा नालाही याच सखल पट्ट्यातून वरळीच्या झडपांकडे जात असे. ओहोटीला झडपा उघडायच्या, भरतीला बंद करायच्या. भरतीच्या काळात सारे पाणी शहराच्या पोटात कुजत पडायचे.

१८५२ साली हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याने मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. १८६० मध्ये विहारचे पाणी आले. पाणी वाढले की सांडपाणी वाढते. त्याला वाट देण्याची निकड वाढली. १८६५ नंतर आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना महापालिकेचा कारभार नव्याने बांधला गेला. पुढे हेक्टर टुलक या कार्यकारी अभियंत्याने शहराच्या मलनिःसारणाची आखणी केली. १८८० च्या दशकात वरळीला लव्हग्रोव्ह येथे पंपांचे ठाणे उभे राहिले आणि शहराचा मैला पंपाने उचलून समुद्रात सोडला जाऊ लागला.

या घटनेचा अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. मुंबईच्या मोठ्या भागाचा मैला उताराने समुद्रात जात नव्हता. तो यंत्राने उपसावाच लागे. म्हणजे 'लेव्हल' एकट्या कामाठीपुऱ्यालाच मिळत नव्हती असे नव्हे. शहरालाच ती मिळत नव्हती. शहरासाठी पंप बसला. सखल भागांसाठी दाबलेल्या हवेची शोनची यंत्रेही मुंबईत काही ठिकाणी आली. यंत्राची ओळख शहराला होती, यंत्र चालविणारे होते, यंत्राला लागणारा कोळसा होता. असे असताना शहराच्या रस्त्याखालच्या वाहिनीपर्यंत घरातला मैला पोहोचविण्याचे काम मात्र हजारो घरांत कोण करीत होते?

त्याचे उत्तर मुंबईच्या घरगल्ल्यांत मिळते. दोन चाळींच्या पाठींमध्ये सोडलेली अरुंद, काळोखी बोळ म्हणजे घरगल्ली. वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचे पाणी तिच्यात पडे, कचरा पडे, आणि टोपलीच्या संडासांची दारे तिच्यातच उघडत. तेथून एक माणूस रोज वाकून शिरे, टोपली ओढी, डोक्यावर घेई आणि मैल्याच्या डेपोपर्यंत नेई. तेथे तो मैला वाहिनीत ओतला जाई. घराच्या पातळीपासून मुख्य वाहिनीच्या तोंडापर्यंतची चढण हा माणूस आपल्या पायांनी चढत होता. लंडनच्या पार्लमेंटात जे काम लोखंडी भांडे करीत होते, तेच काम मुंबईत हा माणूस करीत होता. सखलपणा हेच याचे एकमेव कारण होते असे मी म्हणत नाही. कित्येक चाळींपाशी वाहिनी होती, उतारही मिळण्याजोगा होता. पण जोडणीचा खर्च चाळमालकाला नको होता. माणूस मिळत असता नळावर पैसा कशाला घालायचा, हा हिशेब होता. आणि माणूस स्वस्त मिळत होता, कारण तो जातीने आधीच ठरविलेला होता.

तिसरे उत्तर ते हे. शिकागोने घर उचलले, लंडनने यंत्र बसविले, आणि आपण एका जातीच्या डोक्यावर टोपली ठेवली.

४

या माणसाला मुंबईत 'हलालखोर' म्हणत. शब्दाचा अर्थ कष्टाचे, वैध अन्न खाणारा. अर्थ मोठा सन्मानाचा. वागणूक मात्र कशी होती हे सांगायला नको. गुजरात, काठेवाड, कच्छ आणि उत्तरेकडून आलेल्या, भंगी वा मेहतर म्हणून हिणविल्या गेलेल्या जातींतून हे कामगार येत. रस्ते झाडणे, कचरा उचलणे, गटारे उपसणे या कामांत महाराष्ट्रातील आपले महार-मांग बांधवही होते.

१८८८ साली मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. त्यातील करांची यादी मी प्रथम वाचली तेव्हा थबकलो. पाण्याची पट्टी पाण्याच्या नावाने आहे, आगीच्या बंबासाठीची पट्टी आगीच्या नावाने आहे. पण मैला वाहून नेण्यासाठी जो कर आहे, तो मैल्याच्या किंवा गटाराच्या नावाने नाही. त्याचे नाव आहे 'हलालखोर कर'. एका मानवसमूहाचे नाव कराला दिले गेले! पाणी ही वस्तू, आग ही आपत्ती, आणि हलालखोर ही जणू मलनिःसारणाची एक व्यवस्था, एक साधन. माणसाला नळ समजण्याची ही वृत्ती कायद्याच्या भाषेत इतक्या सहजपणे उतरली की कोणाला त्यात वावगे वाटले नाही. त्या नावाचा मलनिःसारण कर पुढे कैक वर्षांनी झाला.

नळाला रजा नसते, नळ संप करीत नाही. म्हणून मग नळ समजलेल्या माणसालाही काम सोडण्याची मुभा असून चालणार नव्हते. १८९० साली मुंबईच्या महापालिका नोकरांसंबंधी कायदा झाला आणि सूचना न देता सफाईचे काम टाकून जाणे हा गुन्हा ठरला. गिरणी कामगार काम सोडून गेला तर त्याचा पगार बुडे. हलालखोर गेला तर त्याला तुरुंग! याच माणसाविना शहर किती लाचार होते हे सहा वर्षांत उघड झाले. १८९६ साली प्लेगची साथ आली. रोग्यांना सक्तीने हलविण्याच्या धास्तीने लोक शहर सोडू लागले. त्या वेळी आयुक्त असलेल्या स्नो यांनी १८९७ च्या आपल्या अहवालात ही भीती नोंदवून ठेवली आहे की, हलालखोर आणि बिगारी निघून गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. ज्याला स्पर्श करणे पाप होते, तो गेला तर शहरच मरणार होते.

बाबासाहेबांनी हे मर्म अचूक ओळखले होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की, आपल्याकडे माणूस काय काम करतो यावरून त्याचा दर्जा ठरत नाही, तो कोठे जन्मला यावरून ठरतो. आणि अशा समाजात सफाईच्या कामाची थोरवी गाणे म्हणजे त्या जन्माच्या बेडीला फुले वाहणे होय. १९३० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या महापालिका कामगारांची संघटना उभारली, ती याच दृष्टीतून. कामाला पवित्र म्हणणारे पुष्कळ भेटले. कामगाराला हक्क मिळवून देणारे थोडे.

५

येथे मला आपल्या चळवळीशी थोडे बोलायचे आहे.

१९२७ च्या महाडच्या परिषदेपासून आपण मेलेली ढोरे ओढणे सोडण्याचा निर्धार केला. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकीची वतने गेली. गावकीचा जो उतार होता, ज्यावरून गावाची सगळी घाण आपल्या दाराशी वाहत येई, तो आपण निर्धाराने तोडला. मग शहरातला उतार का राहिला? कारण उघड आहे. गावकीत भाकर होती, शहरात पगार होता. गटाराच्या कामाला कायमची नोकरी होती, नोकरीबरोबर खोली होती. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात झाली. ज्या घरात दुसरा आधार नाही त्या घराला ही तरतूद म्हणजे जीवदान, हे मी जाणतो; माझ्या आसपासची कितीतरी घरे तिच्यावर तरली. परंतु वतन म्हणजे तरी दुसरे काय होते? बापाचे काम मुलाला, त्याबद्दल राहायला जागा, आणि काम सोडले की जागा गेली. पदवी घेतलेली मुले बापाच्या जागी झाडू हाती घेऊन उभी आहेत, अशी उदाहरणे मुंबईत वारंवार उजेडात आली आहेत. वारसाहक्क काढून घ्या असे कोणी म्हणेल तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. माझे म्हणणे एवढेच की, वारसा नोकरीचा असावा, गटाराचा नसावा. त्याच संस्थेत, त्याच पगारावर, शिक्षणाला साजेसे दुसरे काम त्या मुलाला मिळाले पाहिजे. अशी मागणी आपल्या ठरावांत आघाडीवर दिसत नाही, याची मला खंत वाटते.

आपल्या साहित्याकडे पाहा. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये. गोलपिठा, कामाठीपुरा, कावाखाना ही ठिकाणे मुंबईच्या त्याच जुन्या सखल पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आहेत. जेथे शहराचे पाणी साचत होते तेथेच शहराने टाकलेली माणसे साचली, आणि तेथूनच नवी मराठी वाणी उसळून वर आली. समीक्षकांनी तिला विद्रोह म्हटले ते योग्यच. पण त्या विद्रोहाला एक भूगोल आहे, समुद्रसपाटीपासून मोजता येणारी एक पातळी आहे, हे ध्यानात घेतले तर त्या साहित्यातली गटारे ही निव्वळ प्रतिमा नाहीत हे उमगेल.

६

हा सारा इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. टोपल्या गेल्या, घरोघर फ्लशचे संडास आले. १९९३ मध्ये हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. परंतु त्याचा रोख कोरड्या संडासांवर होता, गटारात उतरणारा माणूस त्याच्या नजरेत नव्हता. २०१३ मध्ये नवा कायदा झाला आणि तो त्याच वर्षी ६ डिसेंबरला अमलात आला. तारीख आपल्याला वेगळी सांगायला नको. या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई निषिद्ध केली. पण धोकादायक म्हणजे काय? तर संरक्षक साधने न देता करवून घेतलेली सफाई. म्हणजे हातमोजे आणि मुखवटा दिला, कागदावर तरी दिला, की उतरविण्याची वाट मोकळी!

टोपली गेली, पण पातळीचा प्रश्न गेलेला नाही. तो आता जमिनीखाली गेला आहे. जेथे मुख्य वाहिनी नाही, किंवा आहे पण वर आहे, तेथे घराखाली टाकी बांधतात. सेप्टिक टाकी, खाळकुवा, तळघरातली मैल्याची टाकी ही सगळी त्याच एका प्रश्नाची रूपे. मैला खाली साठवून ठेवायचा, आणि भरला की उपसायचा. साचलेला मैला कुजतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निघतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी बसून राहतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच नाहीशी होते आणि उतरलेल्या माणसाला वाटते, हवा साफ आहे. तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो; मग तिसरा. अशा बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एक नसतो, याचे कारण हे आहे. सोबत्याला सोडून न जाण्याचा धर्मच त्यांचा जीव घेतो.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या टाकीत असेच तिघे कामगार मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. दहा लाखांचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात घालून दिला होता. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो आकडा तीस लाख झाला. न्यायालयांचे हे निकाल महत्त्वाचेच आहेत. परंतु भरपाई माणूस मेल्यावर मिळते. तो मरू नये याची तजवीज आराखड्यात करावी लागते, आणि आराखडा मंजूर होताना आपण तेथे नसतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. 'लेव्हल मिळत नाही' हे उत्तर यापुढे आपण ऐकून घेऊ नये. प्रत्येक नगरपालिकेच्या अभियंत्याकडे मलवाहिनीचा नकाशा असला पाहिजे, आणि त्यावर प्रत्येक मॅनहोलच्या तळाची पातळी, ज्याला ते 'इन्व्हर्ट लेव्हल' म्हणतात ती, आकड्यांत लिहिलेली असली पाहिजे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने हा नकाशा मागता येतो. आपल्या वस्तीची पातळी त्या आकड्याशी ताडून पाहावी. महाविद्यालयांतील आपली मुले, विशेषतः अभियांत्रिकी शिकणारी मुले, हे काम एका सुट्टीत करू शकतील. पुष्कळ ठिकाणी असे आढळेल की उतार मिळतो आहे; मिळत नव्हती ती इच्छा. जेथे खरोखर उतार नाही तेथे मागणी स्पष्ट असावी : वस्तीच्या सर्वांत खालच्या जागी उपसा केंद्र, त्यात एक चालू आणि एक राखीव असे दोन पंप, वीज जाईल त्या वेळेची सोय, उलटे पाणी रोखणारी झडप, आणि हे सर्व सार्वजनिक खर्चाने. शहराचा मैला उपसण्याचा खर्च सारे शहर करते, तर वस्तीचा मैला उपसण्याचा खर्च वस्तीच्या माथी का? जेथे टाकीच बांधावी लागेल तेथे तिचे तोंड टँकरचा पाइप पोहोचेल असे रस्त्याच्या बाजूला असावे, आणि ती माणूस न उतरता रिकामी करता येते याची खात्री झाल्याशिवाय इमारतीला वापराचा परवाना मिळू नये.

या मागण्या मोर्च्याच्या घोषणेत शोभणाऱ्या नाहीत, हे मला कळते. झडप, पंप, पातळी हे शब्द रुक्ष आहेत. परंतु आपल्या माणसांना ज्या ज्या गोष्टींनी खाली ठेवले, त्यांतल्या पुष्कळ अशाच रुक्ष होत्या : वतनाचा एखादा दाखला, कायद्यातले एखादे कलम, नकाशावरचा एखादा आकडा. ते ज्यांना वाचता आले त्यांनी आपल्यावर राज्य केले. आता वाचता आपल्यालाही येते. तेव्हा आपल्या गावच्या अभियंत्याच्या टेबलावरचा तो नकाशा एकदा उलगडून पाहू या, आणि त्यावरचा आकडा आपल्या दाराच्या उंबऱ्याशी ताडून पाहू या.